बर्फ सुटलेली कोंबडी : नाकाला विचारावं की घड्याळाला?

आषाढ सरत आला की नागोठण्यात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते, एकीची धास्तीने आणि दुसरीची हौसेने. धास्ती आंबा नदीच्या पुराची, हौस गटारीची. श्रावण लागला की महिनाभर सामिष बंद, म्हणून अमावास्येला चिकनच्या दुकानासमोर रांग लागते आणि भावही चढतो. ती गर्दी टाळायला कितीतरी घरांत दोन दिवस आधीच दोन किलो चिकन आणून फ्रीझरमध्ये टाकलेलं असतं. नेमका त्याच रात्री पाऊस धरतो. कोळीवाड्यात, बसस्थानकाच्या आवारात पाणी शिरतं आणि वीज जाते. कधी गेली, किती वेळ नव्हती, हे झोपेत कुणाला कळत नाही. सकाळी फ्रीझर उघडावा, तर काल दगडासारखी टणक असलेली पिशवी बोटाने दाबली जाते आणि तिच्या तळाशी लालसर पाणी साचलेलं असतं.

मग स्वयंपाकघरात पंचायत बसते. आजी पिशवी नाकाशी नेते आणि म्हणते, "वास नाय, चांगलंय. हळद-मीठ लाव." मुलगा म्हणतो, "लाईट आलीय ना आता? परत गोठव, अमावास्येला काढू." सून काही बोलत नाही. ती मनात तास मोजत असते, कारण घरात दोन वर्षांचं मूल आहे.

तिघांपैकी कुणाचं ऐकावं? सरसकट "फेकून द्या" हे याचं उत्तर नाही. दोन किलो चिकन म्हणजे साध्या घरातली चांगलीच रक्कम आणि चांगलं अन्न उगाच टाकणं ही चूकच आहे. पण "आम्ही नेहमी खातो, काही होत नाही" हेही उत्तर नाही. मांस गोठताना आणि त्याचा बर्फ सुटताना आत काय घडतं हे कळलं, की निर्णय आपला आपल्याला घेता येतो.

गोठलेले जंतू मेलेले नसतात

कोंबडीच्या मांसात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असतं. त्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे ते शून्यावर न गोठता शून्याखाली दोन-तीन अंशांवर गोठू लागतं. घरातला फ्रीझर उणे १८ अंशांवर असावा अशी अपेक्षा असते. त्या थंडीत मांसातलं जवळजवळ सगळं पाणी बर्फात अडकतं. जंतूंना खायला, वाढायला मोकळं पाणी लागतं आणि तेच मिळत नाही, म्हणून त्यांची वाढ थांबते. मात्र बहुतेक जंतू मरत नाहीत.

आपल्याकडचा शेतकरी भाताचं बियाणं कणगीत भरून ठेवतो. महिनोन्‌महिने त्यात काही हालचाल दिसत नाही. मृगाचा पाऊस पडून ओल मिळाली की चार दिवसांत मोड फुटतात. फ्रीझरमधल्या जंतूंचं असंच आहे. काही मरतात, बरेच तग धरतात आणि ओल व ऊब मिळताच पुन्हा कामाला लागतात. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू मात्र थंडीला बऱ्यापैकी कच्चा आहे. कोंबडीतून माणसाला जुलाब देणाऱ्या जंतूंत तो आघाडीवर असतो. आइसलंडमध्ये २००० सालच्या सुमारास त्याची मोठी साथ आली, तेव्हा ज्या कळपात हा जंतू सापडेल त्याचं मांस ताजं न विकता गोठवूनच विकायचं असं ठरलं आणि त्याचा उपयोगही झाला. पण साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडच्या कुळातला आणि विषबाधेसाठी बदनाम असलेला जंतू, गोठलेल्या मांसात महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

थंडीने मांस टिकतं हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडचा तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन १६२६ मध्ये वारला. कोंबडीच्या पोटात बर्फ भरून ती किती टिकते हे पाहताना त्याला थंडी बाधली, अशी कथा पुढे जॉन ऑब्री याने लिहून ठेवली. तिच्या खरेपणाबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण त्याला पडला असं सांगतात तो प्रश्न आणि आजच्या आपल्या स्वयंपाकघरातला प्रश्न सारखाच आहे.

पिशवीतलं लाल पाणी

हे पाणी म्हणजे रक्त, असा समज आहे. पण कोंबडी कापताना तिचं बहुतेक रक्त वाहून गेलेलं असतं. पिशवीत दिसतं ते मांसाच्या पेशींतलं पाणी. त्याला लाली येते ती स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या रंगद्रव्यामुळे.

ते बाहेर का येतं? बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर ती फुगते किंवा तडकते, हे आपण पाहिलेलं असतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. मांसाची प्रत्येक पेशी ही अशीच पाण्याने भरलेली पिशवी. आत बर्फाचे टोकदार स्फटिक तयार झाले की तिची भिंत फाटते. गोठलेलं असेपर्यंत सगळं जागच्या जागी राहतं. बर्फ सुटला की फाटक्या पिशवीतून रस झरतो.

स्फटिक किती मोठे होणार हे गोठण्याच्या वेगावर ठरतं. खडीसाखरेचे खडे मोठे होतात, कारण पाक सावकाश निवतो. तोच पाक घोटत झटपट निववला तर साखर बारीक पडते. घरच्या फ्रीझरमध्ये दोन किलोचा गोळा गोठायला कित्येक तास लागतात, म्हणून स्फटिक मोठे होतात आणि रसही जास्त सुटतो. कारखान्यात अतिथंड हवेच्या झोतात चिकन झपाट्याने गोठवतात, तिथे कमी सुटतो. म्हणून लाल पाणी दिसलं एवढ्यावरून चिकन बिघडलं असं म्हणू नये. पण ते पाणी निरुपद्रवी आहे असंही समजू नये. प्रथिनं आणि साखर विरघळलेला तो रस जंतूंसाठी आयतं जेवण आहे. फ्रीजच्या वरच्या कप्प्यातून तो खालच्या कोथिंबिरीवर किंवा काकडीवर ठिबकला, तर ते कच्चंच खाल्लं जातं आणि कोंबडी उत्तम शिजवूनही घर आजारी पडतं. सुटायला ठेवलेली पिशवी नेहमी खोल पातेल्यात आणि फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवावी ती यासाठी.

इथे आणखी एका भीतीचा उलगडा करतो. गोठवलेलं ब्रॉयलर शिजवल्यावर हाडाजवळचं मांस काळपट-लाल दिसतं आणि खाणारा ताट बाजूला सारतो. ब्रॉयलर बाजारात येते ती सहा-सात आठवड्यांची होण्याआधीच. तिची हाडं कोवळी आणि सच्छिद्र असतात. गोठताना-सुटताना मज्जेतलं रंगद्रव्य हाडातून झिरपतं आणि शिजल्यावर काळवंडतं. नीट शिजलेलं असेल तर ते खायला सुरक्षित आहे. पांढरे, कोरडे, कागदासारखे डाग दिसतात तेही तसेच. तिथला बर्फ थेट वाफ होऊन उडालेला असतो. तेवढा भाग चिवट आणि बेचव लागतो, अपाय करत नाही.

बर्फ बाहेरून आत सुटतो

माझ्या मते या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे आणि घरोघरी तीच नजरेआड होते.

रात्री झोपताना गोठलेलं चिकन ओट्यावर काढून ठेवायचं आणि सकाळी करायला घ्यायचं, ही सर्रास पद्धत आहे. सकाळी हात लावून पाहिलं तर मधला भाग अजून कडक लागतो, म्हणून वाटतं की थंडच आहे, बिघडणार कसं? पण जंतू मधल्या भागात फारसे नसतातच. कोंबडी कापताना, पिसं काढताना, सुरीखाली तुकडे होताना ते कातडीवर आणि कापलेल्या बाजूंवर बसतात. आणि नेमकी तीच बाजू आधी ऊब धरते. पावसाळ्यात नागोठण्याची रात्र पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास असते. मधला बर्फ सुटायला आठ तास लागले, तर बाहेरची कातडी त्यातले कितीतरी तास खोलीच्याच उबेत काढते.

सुटायला गोठण्यापेक्षा जास्त वेळ का लागतो, याचंही कारण आहे. बर्फ उष्णता चांगली वाहून नेतो, पाणी त्याच्या जेमतेम पाव पट. गोठताना बाहेर बर्फाचा थर असतो, त्यातून आतली उष्णता लवकर निघून जाते. सुटताना बाहेर ओल्या मांसाचा थर तयार होतो आणि तो गोधडीसारखा आतल्या बर्फाला गुंडाळून बसतो.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू दिलं तर हा सगळा प्रश्न उरत नाही. तिथे बाहेरची बाजूसुद्धा चार-पाच अंशांच्या वर जात नाही. एक-दीड किलोच्या पिशवीला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे रविवारच्या जेवणासाठी शनिवारी सकाळी फ्रीझरमधून खाली काढायचं. एवढी सवड नसेल तर घट्ट बांधलेली पिशवी थंड पाण्यात बुडवावी. स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे चोवीस पट वेगाने वाहून नेतं, म्हणून अर्धा किलो चिकन तासाभरात सुटतं. पाणी दर अर्ध्या तासाने बदलायचं आणि सुटल्याबरोबर चुलीवर चढवायचं. कोमट किंवा गरम पाणी वापरू नये, त्यात कातडी थेट जंतूंच्या आवडत्या उबेला पोहोचते. मायक्रोवेव्हमध्ये सोडवलं तर काही कोपरे शिजतात, काही नुसते कोमट राहतात, म्हणून तेही लगेच शिजवावं.

पिशवी भरतानाच थोडी काळजी घेतली तर पुढचं सोपं जातं. दोन किलोचा एकच गोळा न करता अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या कराव्यात, हाताने दाबून भाकरीसारख्या पसरलेल्या. त्या लवकर गोठतात, लवकर सुटतात आणि हवं तेवढंच काढता येतं. आपण दुकानातून डोळ्यांदेखत कापून आणलेलं चिकन अजून कोमट असतं. ते तसंच फ्रीझरमध्ये कोंबू नये. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात. त्या आधीच गोठवलं तर बर्फ सुटताना ते एकदम आकसतात आणि मांस चामड्यासारखं होतं. काही तास फ्रीजमध्ये ठेवून मग फ्रीझरमध्ये टाकलेलं चिकन मऊ राहतं.

आजीचं नाक कुठे कमी पडतं

जाणत्या बाईच्या नाकाबद्दल मला आदर आहे. बाजारातला मासा ताजा की शिळा हे रायगडातल्या आज्या गालफड उचलायच्या आधी सांगतात. पण नाक एकाच बाजूची साक्ष देतं. घाण वास आला तर मांस नक्की बिघडलेलं आहे. वास आला नाही तर मांस चांगलं आहे, असं नाक सांगू शकत नाही.

कारण मांस नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. नासवणाऱ्यांत स्युडोमोनास या कुळाचा मोठा वाटा. हे फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतात. आधी ते मांसातली थोडीशी साखर खातात, तोवर वास येत नाही. साखर संपली की प्रथिनांच्या घटकांकडे वळतात आणि त्यातून गंधकाचे, अमोनियाचे उग्र वास निघतात. आपल्या नाकाला हे जाणवतं तेव्हा एका चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर, सुमारे एक कोटी जंतू झालेले असतात. बोटांना बुळबुळीत लागतं तेव्हा सुमारे दहा कोटी.

आता दुसरी बाजू पाहा. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. काहीशे जंतूंचा वास कुठल्याही नाकाला येणार नाही. साल्मोनेला वाढला तरी मांसाचा रंग, वास, स्पर्श तसाच राहू शकतो. त्यात थंड मांसाचा वास मुळातच कमी उडतो, म्हणून फ्रीझरमधून काढताक्षणी हुंगून काही कळत नाही. आणि हळद, आलं-लसूण, आगरी मसाला लागल्यावर तर उरलासुरला वासही झाकला जातो. हळद-मिठाने जंतू मरतात हा समज सोडून द्यावा. आपण मुरवणीला लावतो तेवढ्या हळदीवर, मिठावर किंवा लिंबावर भरवसा ठेवता येत नाही. मुरवत ठेवायचं तेसुद्धा फ्रीजमध्येच.

उलट चूकही होते. पिशवी खूप दिवस बंद असेल तर उघडताक्षणी कोंदट वास येतो. मांस ताटात पसरून पाच-दहा मिनिटं थांबावं. वास गेला तर तो कोंडलेल्या हवेचा होता. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास तसाच राहिला, कातडी चिकट होऊन बोटाला तार सुटली किंवा मांस हिरवट-राखाडी झालं, तर पुढे विचार करायचा नाही, टाकून द्यायचं.

"आम्ही वर्षानुवर्षं खातोय, काही झालं नाही" याचंही उत्तर इथेच आहे. साल्मोनेलाचा त्रास खाल्ल्यानंतर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो. कॅम्पिलोबॅक्टर बहुधा दोन ते पाच दिवस घेतो. रविवारच्या कोंबडीने बुधवारी पोट बिघडलं, तर दोष मंगळवारी नाक्यावर खाल्लेल्या वड्याला जातो. ज्याची खूण पटत नाही तो अनुभव माणसाला काही शिकवत नाही. शिवाय धडधाकट माणसाला दोन दिवसांचे जुलाब होऊन मिटतं. तेच तान्ह्या मुलाला, गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसाला किंवा मधुमेही रुग्णाला इस्पितळात नेऊ शकतं. शौचातून रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर जलसंजीवनी देत देत दवाखाना गाठावा.

घड्याळाचा हिशेब

कोंबडी-वड्यांचं पीठ रात्री मळून ठेवतात. मे महिन्यात ते सकाळपर्यंत फुगून वर येतं, पौषातल्या थंडीत तेच पीठ सुस्त पडून राहतं आणि फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन दिवस तसंच राहतं. पीठ, पाणी, भांडं तेच. बदलते ती ऊब आणि वेळ. मांसावरच्या जंतूंना हाच नियम लागू आहे.

पाच ते साठ अंश हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा. आपल्या देशात अन्नसुरक्षेचं काम पाहणारी एफएसएसएआय ही संस्थाही हाच पट्टा सांगते. पाचच्या खाली साल्मोनेला जवळजवळ वाढत नाही आणि साठच्या वर बहुतेक जंतू मरू लागतात. मधल्या उबेत एकाचे दोन व्हायला समजा अर्धा तास लागतो. दोन तासांत एकाचे सोळा होतात. चार तासांत दोनशे छप्पन्न. आठ तासांत, म्हणजे रात्री काढून सकाळी हात लावेपर्यंत, ६५,५३६. सुरुवातीचे दोन तास फारसं बिघडत नाही आणि पुढच्या सहा तासांत सगळं बिघडतं. म्हणून कच्चं मांस धोक्याच्या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त नाही. नागोठण्याच्या एप्रिल-मेला हा एक तासाचाच नियम लागतो.

"एकूण" या शब्दाकडे लक्ष द्यावं. पनवेलच्या मॉलमधून गोठलेलं चिकन घेतलं, वडखळच्या कोंडीत गाडी अडकली, घरी येईपर्यंत पिशवी मऊ झाली, ती फ्रीझरमध्ये टाकली, पुन्हा गोठली. जंतूंच्या वाढीचा तेवढा काळ बर्फाने पुसला जात नाही. पुढच्या वेळी मोजणी शून्यापासून सुरू होत नाही, जिथे थांबली तिथून सुरू होते.

म्हणूनच "एकदा सुटलेलं पुन्हा कधीच गोठवू नये" हा नियम जसाच्या तसा खरा नाही. फ्रीजमध्ये, चार-पाच अंशांत सुटलेलं चिकन एक-दोन दिवसांच्या आत पुन्हा गोठवता येतं. अजून रस झरेल, मांस थोडं भुसभुशीत होईल, पण धोका वाढणार नाही. ओट्यावर रात्रभर सुटलेलं गोठवणं मात्र व्यर्थ, कारण नुकसान आधीच झालेलं असतं.

वीज गेलेली रात्र

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने जिल्ह्यात विजेचे हजारो खांब आडवे केले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. टाळेबंदीचे दिवस होते, घराघरांत अन्न साठवलेलं होतं. इतके दिवस कुठलाच फ्रीझर टिकत नाही, तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. खरा पेच छोट्या खंडांचा असतो, चार तास, दहा तास, एक रात्र.

इथे बर्फच आपली बाजू सांभाळतो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं एक किलो पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापेल. म्हणजे पिशवीत बर्फ शिल्लक आहे तोवर बंद फ्रीझरमध्ये शिरणारी ऊब तो बर्फच गिळत राहतो आणि आजूबाजूचं मांस शून्याच्या जवळपास थांबतं. कोळणी टोपलीत माशांबरोबर बर्फाचा चुरा का भरतात, ते यातच आलं. गच्च भरलेला वेगळ्या दाराचा फ्रीझर न उघडता ठेवला तर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. फ्रीजचा खालचा भाग मात्र चारच तास. एकदारी फ्रीजमध्ये वर असलेल्या छोट्या खणाला हे आकडे लावू नयेत, तो फार लवकर सुटतो. आणि दर वेळी "बघू तरी" म्हणून दार उघडलं की आतली थंडी पायाशी सांडते.

ओट्यावरचं कडक राहिलेलं चिकन आणि बंद फ्रीझरमधलं बर्फाळ चिकन यांत फरक आहे तो एवढाच, की पहिल्याच्या कातडीला खोलीची हवा लागत असते आणि दुसऱ्याच्या कातडीला लागत नाही.

पुराचं पाणी हा वेगळा विषय. १९८९ च्या जुलैत जांभूळपाड्याला बुडवणारी नदी ही आंबाच. पूर घरात शिरतो तेव्हा त्यात गटाराचं, गोठ्याचं, शेतातलं सगळं पाणी मिसळलेलं असतं. ते फ्रीजमध्ये शिरलं तर आतलं कुठलंच मांस ठेवू नये, पिशवी बांधलेली असली तरी.

चौकट : सकाळी फ्रीझर उघडल्यावर

तुकड्यांमध्ये अजून बर्फ लागतो आणि दार बंदच होतं : शिजवा किंवा पुन्हा गोठवा, दोन्ही चालेल.

बर्फ नाही, पण मांस फ्रीजमधल्या दुधाइतकं थंड आहे : आजच शिजवा. चार-पाच अंश आहे अशी थर्मामीटरने खात्री झाली, तरच पुन्हा गोठवा.

मांस हाताला गार लागत नाही आणि वीज किती वेळ नव्हती ते माहीत नाही : वास नसला तरी टाका.

ओट्यावर रात्रभर राहिलं किंवा पुराचं पाणी लागलं : टाका. कुत्र्या-मांजरांनाही घालू नका.

मग शिजवल्यावर सगळं मरत नाही का?

बरंचसं मरतं. मांसाच्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश आले की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही संपतात. रटरटणाऱ्या रश्श्यात लहान तुकड्यांना हे सहज मिळतं. पण काही जंतू उबेत वाढताना विष तयार करतात. माणसाच्या हातावर, नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस हा त्यातला एक. उकळल्याने जंतू मरतो, त्याने मागे ठेवलेलं विष उरतं. म्हणून बिघडलेलं चिकन "जास्त शिजवून" चांगलं करता येत नाही.

शिजवण्याआधीचा हातही सांभाळावा लागतो. नळाच्या धारेखाली कोंबडी धुतली की शिंतोडे ओट्यावर, ताटांवर, चिरलेल्या कांद्यावर उडतात. धुवायचीच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावी, आणि मग सुरी, पाट, हात साबणाने.

आपल्या भागात सगळ्यात जपून करायचा पदार्थ पोपटी आहे, असं मला वाटतं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर मडकं लागतं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मध्ये मसाला लावलेलं चिकन आणि अंडी, वर पुन्हा पाला, आणि उपड्या मडक्याभोवती जाळ. चव अशी, की मुंबईहून माणसं त्यासाठी येतात. पण मडक्याच्या मधोमध उष्णता सगळ्यात शेवटी पोहोचते आणि चिकन नेमकं तिथेच असतं. ते अर्धवट सुटलेलं असेल तर आतला बर्फ वितळण्यातच जाळ खर्च होतो. शेंगा शिजतात, अंडी शिजतात, तंगडीचा गाभा कच्चा राहतो. पोपटीत ताजं किंवा पूर्ण सुटलेलं चिकनच घालावं, तुकडे लहान ठेवावेत आणि पहिली तंगडी मोडून हाडाजवळ पाहावं. मांस काचेसारखं, लिबलिबीत दिसलं तर मडकं पुन्हा जाळावर. रश्श्यासाठी मात्र गोठलेले सुटे तुकडे थेट पातेल्यात टाकले तरी चालतं, फक्त नेहमीच्या दीडपट वेळ उकळी द्यावी.

आणि गटारीच्या रात्री उरलेला मोठा टोप झाकून ओट्यावर ठेवू नका. कच्च्या कोंबडीची एवढी काळजी घेतलेल्या घरातही इथे चूक होते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूची बीजं उकळीतही टिकतात. मोठ्या टोपातला रस्सा तासन्‌तास कोमट राहतो आणि त्या उबेत हा जंतू दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. रस्सा लहान, पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळूनच वाढावा.

वीज गेलेल्या रात्री फ्रीझरमधला बर्फ वितळला होता का, हे कळायची एक सोपी सोय आजच करून ठेवा. एका वाटीत पाणी घेऊन ते फ्रीझरमध्ये गोठवा. वरचा बर्फ कडक झाला की त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी चिकनच्या शेजारीच राहू द्या. पुराच्या रात्रीनंतर सकाळी आधी ती पाहा. नाणं वरच असेल तर बर्फ टिकला होता. वाटीतलं पाणी पुन्हा गोठलेलं दिसलं, पण नाणं तळाला असेल, तर तुमच्या झोपेत फ्रीझरमधला बर्फ पूर्ण वितळून गेला होता. ती पिशवी मुलांच्या ताटापर्यंत जाऊ देऊ नका.